खियतला हाक

आमच्या दोनकेव गावात मुलांचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नाही. खरं नाव म्हणजे जन्मवार बघून विहारातल्या भिक्षूंनी काढून दिलेलं, लांबलचक, भारदस्त. ते जन्मदाखल्यावर असतं, दवाखान्याच्या कार्डावर असतं, आणि त्यानंतर एकदम चितेपाशी मोठ्याने वाचलं जातं. तेव्हा मागच्या रांगेतली माणसं एकमेकांना विचारतात, "हे कोण गेलं म्हणे?" मधलं सगळं आयुष्य माणूस टोपणनावावर काढतो.

टोपणनाव गोड असलंच पाहिजे असंही नाही. जुन्या बायकांचा हिशेब सरळ आहे. घरात गोंडस पोर जन्मलंय हे भुताखेतांच्या कानावर गेलं की ती न्यायला येतात. म्हणून पोराला मू म्हणायचं, म्हणजे डुक्कर. मोत म्हणायचं, म्हणजे मुंगी. भूत दारापर्यंत येतं, "डुक्कर घेऊन काय करू" म्हणतं आणि पुढच्या घराकडे वळतं. मी गणिताचा मास्तर. मला हा व्यवहार नेहमीच पटत आला आहे. खर्च काही नाही, आणि फायदा अंगणात धावताना दिसतो.

खियत म्हणजे भाताच्या खाचरात असते ती करंगळीएवढी बेडकी. हे नाव तिच्या आईने, वन्नाने ठेवलेलं. पोर जन्मली तेव्हा पाय पोटाशी घेऊन अशी बसलेली होती की सुईण हसली. पोर दोन वर्षांची होते न होते तोच वन्ना समुद्राकडे रयोंगला कारखान्यात कामाला गेली. आमच्या डोंगरातल्या निम्म्या घरांचं तेच आहे. आईबाप खाली सपाटीवर, पोरं वर आजीकडे, आणि मधे फोन. वन्ना रविवारी फोन करायची. पहिला शब्द नेहमी तोच: "खियत!" आणि पोर इकडून ओरडायची, "मे!" आमच्याकडे आईला मे म्हणतात. ही एवढी हाक आणि एवढं उत्तर शेजारच्या तीन घरांना ऐकू जायचं.

शाळेत टॅब आले ते वर्ष मला अजून लख्ख आठवतं. आज घराघरात दुधपितं पोर पडद्यावर बोट फिरवतं आणि कुणी मान वळवून बघत नाही. पण तेव्हा खोकी आली त्या दिवशी मुलांना धुतलेले गणवेश घालून बोलावलं होतं. विहाराचे मुख्य भिक्षू लुआंगपो स्वतः आले, टॅबांची रांग चटईवर मांडली, आणि त्यांनी मंत्र म्हणत त्यांच्यावर पाणी शिंपडलं. दुसरीच्या अंपाईबाई फडकं घेऊन मागोमाग पुसत होत्या. लुआंगपो शिंपडतात, अंपाईबाई पुसतात. आशीर्वाद किती टिकला देव जाणे, पण यंत्रं टिकली.

अंपाईबाई म्हणजे व्यवस्थितपणाचा कहर. त्यांच्या वर्गात चपलासुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या असायच्या. मला त्या दादा म्हणत आणि माझ्या टेबलाकडे बघून उसासे टाकत. पण शिकवायला बसल्या की गोष्ट वेगळी. डोंगरातली पोरं, समुद्र कुणी पाहिलेला नाही. बाईंनी त्यांना टॅबवर देवमाशाचा आवाज ऐकवला. सगळा वर्ग तोंड उघडं ठेवून बसला. काचेवर चिकट भाताच्या बोटांचे ठसे, आणि त्या ठशांमागे निळा समुद्र. खियत तो आवाज पुन्हा पुन्हा लावायची.

"क्रू, हा मासा रयोंगला असतो?" क्रू म्हणजे आमच्याकडे शिक्षक, बाई असोत की मास्तर.

"असेल. का गं?"

"मग मे-ला ऐकू येत असेल."

मी दारातून जात होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि उगीचच खडूचा डबा सारखा केला.

शाळेचं वायफाय म्हणजे नावाला होतं. विहाराचं मात्र दणकट. बँकॉकच्या कुणा भक्ताने बसवून दिलेलं. त्यामुळे शाळा सुटली की सगळी पोरं टॅब मांडीवर घेऊन विहाराच्या भिंतीला पाठ लावून ओळीने बसायची. एवढी भक्ती गावाने आधी कधी पाहिली नव्हती. लुआंगपो झाडू मारता मारता म्हणायचे, "निर्वाणाचा मार्ग दाखवला तर एक येत नाही." आणि फांदी आडवी येते म्हणून स्वतःच ती छाटायचे, पोरांना सिग्नल नीट मिळावा.

त्या टॅबांत एक शेतीचा खेळ होता. आपलं शेत, आपली कोंबडी, आणि शेजारच्या शेतातून कुणीही येऊन आवाजाचे निरोप ठेवू शकायचं. अंपाईबाईंना त्याचा घोर होता. त्यांनी नियम केले, मोठ्या अक्षरांत लिहून वर्गात लावले आणि चाल लावून पाठ करून घेतले. अनोळखी माणसाला आपलं खरं नाव सांगायचं नाही. घराचा नंबर सांगायचा नाही. शाळेचं नाव सांगायचं नाही. जेवायच्या सुट्टीत हात धुताना सगळी पोरं ते गात असत. बाकीचे शिक्षक म्हणत, पाहा, याला म्हणतात दूरदृष्टी. मीही म्हटलं.

थंडीचे दिवस होते. संध्याकाळी मोठ्या रस्त्यावर, एसटीच्या थांब्यासारखी आमची एक शेड आहे तिथे, वडाप चालवणारे सवाटकाका गाडी लावून सवाऱ्यांची वाट पाहात होते. त्यांना शेडच्या बाकावर खियत एकटी बसलेली दिसली. नवा फ्रॉक, केसांना रिबीन.

"काय गं बेडके, कुणाची वाट बघतेस?"

"कुणाची नाही."

"मेउईला ठाऊक आहे का, इथे आलीस ते?" मेउई म्हणजे आजी.

"सांगायचं नाहीये. गंमत आहे."

काकांना ते गंमत वाटलं नाही. ते गाडीतून उतरले. तेवढ्यात एक राखाडी पिकअप समोर येऊन थांबली. काच अर्धी खाली झाली आणि आतून एक माणूस गोड आवाजात म्हणाला, "खियत, ये. मे-ने बाहुली पाठवलीये."

पोर उठलीसुद्धा. पण गाडीतल्या माणसाची नजर तिच्यावर नव्हती, काकांवर होती. काका ओरडले, "कोण रे तू? उतर खाली." माणसाचा चेहरा असा झरकन बदलला, त्याने तोंडातून असली घाण शिवी काढली आणि गाडी अशी उडवली, की पोर जागच्या जागी खाली बसली. काकांनी तिला उचलून घरी आणलं तेव्हा ती पाय पोटाशी घेऊन घट्ट झाली होती, जन्मली तेव्हा होती तशी.

ठाण्यातून माणसं आली, त्यांनी नीट चौकशी केली, विहाराची भिंतही पाहिली. खियतच्या टॅबवर, शेतीच्या खेळात, सशाचं चित्र लावलेल्या कुणाचे तरी गोड आवाजातले निरोप निघाले. गाडी काही सापडली नाही. काकांना गाडीचा नंबर आठवेना, त्याबद्दल ते पुढे कितीतरी महिने स्वतःला शिव्या घालत राहिले. मी म्हटलं, "अहो, पोर राहिली ना? तो आकडा मोठा." पण त्यांचं समाधान झालं नाही.

दुसऱ्या दिवशी अंपाईबाई खियतला शिक्षकांच्या खोलीत घेऊन आल्या. जवळ बसवलं, दुधाची पिशवी दिली. आवाज चढू नये म्हणून त्या आपलीच ओढणी मुठीत धरून होत्या.

"बाळा, तो खेळातला ससा तुझ्याशी बोलायचा?"

मान हलली.

"तू त्याला नाव सांगितलंस?"

"नाही, क्रू."

"मग त्याला कसं कळलं?"

पोरीने दुधाच्या पिशवीकडे बघत, अगदी हळू, सांगितलं, "खरं नाव नाही सांगितलं. खियत सांगितलं."



"आणि घर?" बाईंनी विचारलं.

"नंबर नाही सांगितला. शेवयांच्या गिरणीच्या पुढचं, निळ्या रांजणाचं."

"शाळा?"

"नाव नाही सांगितलं. विहाराच्या शेजारची." मग तिने बाईंकडे पाहिलं. "मी सगळे नियम पाळले, क्रू."

पाळलेच होते. एकही मोडला नव्हता. आमच्या पोस्टमनला थन्यरात, म्हणजे तिच्या खऱ्या नावाचं पत्र द्या, तो ते परत पाठवील. खियतचं द्या, तो रांजणावर ठेवून येईल. घराच्या नंबराची पाटी आमच्याकडे कोंबड्या बसायला वापरतात. शाळेचं पूर्ण नाव म्हणायला मुख्याध्यापकांनाच चष्मा लागतो. जे कुणालाच ठाऊक नव्हतं ते आम्ही कडीकुलपात ठेवलं होतं, आणि ज्या खुणेने गाव गावाला ओळखतं ती खूण उघड्यावर.

अंपाईबाई उठल्या आणि थेट वर्गात गेल्या. मी मागोमाग. "खेळात कुणीकुणी आपलं टोपणनाव सांगितलंय?"

सगळे हात वर. अभिमानाने. मू नावाची गुबगुबीत पोर, खियतची बाकावरची शेजारीण, तिने दोन्ही वर केले.

"मी तर रोज घरी काय शिजलंय तेपण सांगितलं, क्रू."

"कुणाला?"

"कोंबडीवाल्या काकांना. त्यांनी विचारलं, डुकराने आज काय खाल्लं. कुणीतरी विचारलं!"

बाई खुर्चीत बसल्या. संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, "दादा, मी नियम ज्या मुलांसाठी लिहिले ना, ती मुलं आपल्या गावात राहातच नाहीत." आणि रडल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. टेबल माझं होतं, पसरलेलं. त्यांना त्याचं भान नव्हतं, यावरून मी काय ते ओळखलं.

पण रडून बसणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. सकाळी त्यांनी नियम उतरवले आणि मुलांना भोवती बसवून नवे केले, या वेळी त्यांना विचारून. कागदावरचं नाव नाही, हाकेचंही नाही. पडद्यावर वावरायला तिसरं नाव. रांजण, गिरणी, विहार, काही म्हणजे काही सांगायचं नाही. आणि कुणी म्हणालं की घरी सांगू नको, तर पहिलं काम घरी जाऊन सांगायचं, धावत. आईने पाठवलंय म्हणाला तर आधी आईला फोन. मुलांना तिसरं नाव घ्यायची भलती मौज वाटली. दुपारभर वर्गात गोंधळ. मू हत्ती झाली. मुंगी म्हणजे मोत, तो विमान झाला. खियत मात्र कोपऱ्यात बसून होती. तिला तिसरं नको होतं. तिचं दुसरंच हरवलं होतं.

झालं होतं असं, की त्या दिवसापासून ती नावाला ओ देईना. हजेरीत "खियत" म्हटलं की कान झाकून बाकाखाली जायची. बाईंनी युक्ती म्हणून "थन्यरात" म्हणून पाहिलं, तर पोरीने मागे वळून पाहिलं, कोण नवीन आलंय म्हणून. रविवारी वन्नाचा फोन आला. "खियत!" पोरीने फोन चटईवर उलटा ठेवला आणि त्यावर उशी दाबली. यंत्रातून आलेला गोड आवाज, आणि आपलं नाव. तिच्या लेखी आता त्यात आई आणि ससा असा फरक उरला नव्हता. उशीखालून वन्ना बोलत राहिली. आजी सांगत होती, "बाहेर गेलीये गं खेळायला." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग वन्नाला कळलं. हजार कोसांवरच्या बाईकडे पोरीचं काय असतं? एक हाक असते. तीही गेली.

आजी, मेउई खामपेंग, बोलायला फटकळ आणि चालायला वाकडी. दचकल्यावर जीवाचा जो अंश अंगातून निसटतो असं आमच्याकडे मानतात, त्याला ख्वान म्हणतात. तिने निदान केलं. "दचकली तेव्हा ख्वान निसटलंय अंगातून. ते परत आणायला हवं. आणि नाव बाटलंय, ते बदलायला हवं. भुताला चकवायला ठेवलेलं नाव भुताच्याच तोंडात गेलं, आता काय उपयोग? आजपासून हिचं नाव दम." दम म्हणजे काळी. "काळीकडे कोण बघतंय?"

फोनवर वन्ना ओरडली, "माझ्या खियतला दम म्हणू नका, मे!"

"मग तू ये आणि म्हण काय म्हणायचं ते."

हे लागलं. वन्नाला रजा मिळायची ती एकदाच, नववर्षाच्या पाणीखेळाला, आणि त्याला अजून अवकाश होता. आजीलाही आपण जास्त बोललो हे कळलं. तिने सुपारी कातरायला घेतली आणि कातरतच राहिली. दम म्हटलं तरी पोर ओ देत नव्हतीच. दोन नावं गेली, तिसरं लागेना.

अंपाईबाई तिथेच होत्या. त्या रोज संध्याकाळी जात. त्या म्हणाल्या, "मेउई, ख्वान आणायचं तर आणू. पण हाक जुन्याच नावाने मारून बघू एकदा. आणि मे-ला फोनवर घेऊ. ती बघेल, तीही हाक मारील."

"तुमच्या फोनानेच तर हे केलं."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या.

आजीने अडकित्ता खाली ठेवला. "तुम्ही कॉलेजात शिकलात ना? ख्वान मानता?"

"मेउई, मी नियम मानले होते. आता थोडं तुमचं मानून बघते."

ख्वान आणायचं म्हणजे मासे उपसायचं दांडीचं जाळं घेऊन जिथे पोर दचकली तिथे जायचं. टोपलीत उकडलेलं अंडं, केळं, चिकट भाताचा गोळा, पांढरे दोरे आणि पोरीचा अंगातला सदरा. जाळ्याने हवा उपसायची, नाव घेऊन बोलवायचं, आणि जे काय जाळ्यात आलं असेल ते सदऱ्यात गुंडाळून घरी आणायचं. मी लहानपणी विहिरीपाशी घाबरलो होतो तेव्हा माझ्या आजीने तेच केलं होतं. त्या अंड्याची चव मला अजून आठवते. नंतर पुष्कळ अंडी खाल्ली. त्यातल्या एकालाही तशी चव नव्हती.

सवाटकाकांनी वडाप काढली. मागे बाजाराला निघालेल्या बायका आधीच बसल्या होत्या, त्यांनी कोंबड्यांची डालगी पायांशी घेतली आणि म्हणाल्या, "आधी पोरीचं होऊ दे, बाजार कुठे पळतोय." शेडपाशी सगळी गाडी उतरली. आजीने बाकावरून जाळं फिरवलं, "ये खियत, ये गं माझे, रस्त्यावर थांबू नको, भात निवतोय." कुणा बाईला हुंदका फुटला. काका रस्त्याच्या मधे उभे राहून येणाऱ्या गाड्या हाताने थोपवत होते, आणि प्रत्येक ड्रायव्हरचा चेहरा निरखत होते.

तिथून विहाराच्या भिंतीपाशी. लुआंगपो झाडू टेकून उभे. तिथे आजी अडली. "इथे नाही दचकली ती. बोलणी इथे झाली, पण ती त्या पाटीच्या आत झाली. आतून कसं काढायचं?"

अंपाईबाईंनी टॅब पिशवीतून काढून चटईवर ठेवला. "चालू ठेवू की बंद?"

"चालू कर. बंद दारातून ती बाहेर कशी येईल?"

पडद्यावर हिरवं शेत उगवलं. कोंबडी दाणे टिपत होती. आजीने आदराने त्या शेताला नमस्कार केला, न जाणो कोण कसा मालक असेल, आणि काचेवरून जाळं असं अलगद ओढलं की चरा पडू नये. "ये खियत. कोंबडी राहू दे तिथेच. तू ये." मी हसू दाबायला विहाराच्या कळसाकडे पाहिलं. परत खाली पाहिलं तेव्हा बाईंचे हात जोडलेले होते आणि हसू मलाच येईनासं झालं.

घरी आलो तोवर उन्हं उतरली होती. घर खांबांवरचं, खाली, भाताच्या कणगीमागे खियत बसून होती. हात धरून वर आणायचं नाही, ती आपण यायला हवी, हा आजीचा हुकूम. निम्मं गाव जिन्याशी जमलं. शाळेची पोरं तर झाडूनपुसून. बाईंनी फोन उंच धरला. त्यात वन्ना, कारखान्याच्या टोपीत, मागे कुणीतरी यंत्र बंद केल्याचा आवाज.

आजी सदऱ्याचं गाठोडं छातीशी धरून जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी राहिली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "ख्वान आलं का गं घरी?"

वरच्या पायऱ्यांवरची माणसं रीतीप्रमाणे म्हणाली, "आलं, आलं."

मग आईने हाक मारायची. वन्नाने घसा खाकरला. "खियत," ती म्हणाली. "खियत, आलीस का गं?"

कणगीमागून काही नाही. एक पाय दिसत होता, तो आणखी आत गेला.

"खियत."

काही नाही. बाईंनी फोन आणखी पुढे धरला. आजीने ओठ आवळले. मला दिसत होतं, ती आता दम म्हणणार. तिने तोंड उघडलंसुद्धा.

मू सगळ्यांत पुढे होती, टोपलीच्या अगदी जवळ. रीत तिला पक्की ठाऊक होती: जिचं ख्वान आलं तिला अंडं. अंडं सोललेलं, पांढरंशुभ्र, निवत चाललेलं. आणि घ्यायला कुणी येत नाही. तिने किती वेळ धीर धरावा याला मर्यादा होती.

"आले!" मू ओरडली. "आले, मे! मीच खियत!" आणि टोपलीत हात घातला.

"ए!"

कणगीमागून तीरासारखी पोर आली. धुळीने माखलेली, केस पिंजारलेले. तिने मूचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"ती मू आहे! ती खियत नाही! खियत मी आहे!"

"तू ओ दिली नाहीस," मू म्हणाली. अंडं तिच्या मुठीत.

"आता देते! खियत मी आहे, ते माझं आहे, ठेव!"

सवाटकाकांनी तोंडावर हात ठेवला होता. फोनमधून वन्नाचा आवाज आला, जेमतेम. "कोण बोललं ते?"

पोर थबकली. तिने फोनकडे पाहिलं. टोपीखालचा तो चेहरा, लाल डोळे. मी तिच्या खांद्यांकडे बघत होतो. ते वर गेले, कानाशी, आणि मला वाटलं, संपलं, ही परत जाणार. पण मूने मनगट सोडवायला हिसका दिला, आणि तिला हिसकावून घेणं भागच होतं.

"मी," ती फोनला म्हणाली, मूचं मनगट न सोडता. "मे, मी बोलले. ही माझं अंडं घेतेय."

"घेऊ देऊ नकोस," वन्ना म्हणाली, आणि रडायला लागली.

आजीने मूच्या मुठीतून अंडं सोडवलं. ते थोडं चेंगरलं होतं. खियतने ते तिथेच जिन्यावर बसून तोंडात कोंबलं, कुणी मन बदलायच्या आत. आजीने तिच्या एका मनगटाला दोरा बांधला, अंपाईबाईंनी दुसऱ्या. बांधताना बाईंची गाठ तीनदा सुटली. मूला केळं मिळालं. तिने ते घेतलं, पण चेहऱ्यावर फसवणूक झाल्याचा भाव होता.

लोक पांगायला लागले. वडापमधल्या बायकांना आठवलं की बाजार राहिलाच आहे. फोन आता खियतच्या मांडीवर होता. ती चघळत होती, त्याच्याकडे तिरकं बघत होती, अजून पुरती विश्वासाने नाही.

"खियत," वन्ना हळूच म्हणाली.

"हं."

"खियत."

"काय गं मे? ऐकलं ना. खातेय मी."

"काही नाही," वन्ना म्हणाली. "खियत."